ग्रिम्सबीने लीग कपमधून बाहेर काढलं, आता मॅनेजर अमोरिमचं काय करायचं? मँचेस्टर युनायटेडवाले बडोदेकर, बोला (ऑगस्ट २०२५)

डांडियाबाजार_डेव्हिल

हरलो त्याचं एवढं नाही. कप मॅच आहे, होतं असं. १९९५ मध्ये आपल्या फर्ग्युसनसारख्या मॅनेजरची टीम घरच्या ग्राउंडवर यॉर्क सिटीकडून ३-० हरली होती, २०१४ मध्ये वॅन गालची टीम एमके डॉन्सकडे जाऊन ४-० खाऊन आली. पण त्या दोघी निदान तिसऱ्या डिव्हिजनच्या होत्या. चौथ्या डिव्हिजनच्या टीमने लीग कपमधून काढलं हे आपल्याकडे पहिल्यांदाच झालं, तेही पहिल्या अर्ध्या तासात दोन गोल खाऊन, आणि कुठे, तर जेमतेम नऊ हजार माणसं मावतील अशा ग्राउंडवर. मग्वायरने शेवटी शेवटी हेडर मारला म्हणून पेनल्टीपर्यंत तरी गेलो, नाहीतर नव्वद मिनिटांतच कारभार आटोपला होता.

मला जे खटकलं ते वेगळं आहे. टीम मागे आहे, समोर ग्रिम्सबी आहे, बायर्न म्युनिक नाही, आणि कॅमेरा डगआउटवर जातो तर आपला मॅनेजर आत बसून छोट्या बोर्डावरच्या सोंगट्या सरकवतोय. अरे बाहेर ये, ओरड, कुणाला तरी शिव्या घाल. आणि सरकवून सरकवून शेवटी मांडणार काय, तर परत तेच तीन डिफेंडर मागे, दोन मिडफिल्डर मध्ये.

आता आकडे घ्या. मागच्या सीझनला लीगच्या पहिल्या ११ मॅच टेन हाग आणि मग व्हॅन निस्टलरॉयने सांभाळल्या, त्यात १५ पॉइंट. नंतरच्या २७ मॅच अमोरिमच्या, त्यात २७ पॉइंट. बेरीज ४२, नंबर पंधरावा, १९७४ ला खालच्या डिव्हिजनला गेलो होतो त्यानंतरचा सगळ्यात खराब सीझन. म्हणजे ज्याला काम जमत नाही म्हणून हाकलला त्याच्या काळात मॅचमागे पॉइंट जास्त होते! या सीझनला आर्सेनलकडून ०-१, फुलहॅमशी १-१. एकूण लीगच्या २९ मॅच, २८ पॉइंट, आणि लागोपाठ दोन लीग मॅच हा माणूस आजपर्यंत एकदाही जिंकलेला नाही. एकदाही.

माझं मत, आत्ताच बदला. इंटरनॅशनल ब्रेक येतोच आहे. आता बोला.

मकरपुरा_मिडफिल्डर

भाई पहिले हे सांग, पाचवी पेनल्टी कुन्याने आत टाकली असती तर हा धागा काढला असतास का? खरं सांग ने. आपल्या कीपर ओनानाने त्यांची एक अडवली होती, कुन्या मारायला गेला तेव्हा मॅच आपल्या हातात होती, त्यांच्या कीपरने अडवली आणि मग कीपरांनी पण पेनल्टी मारल्या, परत पहिल्यापासून फेरी सुरू, आणि एमबुमोने दुसऱ्या फेरीत बारला मारली, आता यात अमोरिमने काय करायचं होतं, बूट घालून स्वतः जायचं होतं का?

आणि तू आकडे काढतोस तर पूर्ण काढ. माणूस आला नोव्हेंबरमध्ये, सीझन अर्धा चालू. त्याने स्वतः सांगितलं होतं की मला सीझन संपल्यावर यायचं होतं, पण क्लबने सांगितलं आत्ता नाहीतर कधीच नाही. ना प्रीसीझन (सीझनच्या आधीचा सराव), ना स्वतःचा एक प्लेअर, बुधवारी मॅच, रविवारी मॅच, ट्रेनिंग कधी करणार. त्यात जानेवारीत रॅशफोर्ड गेला, अँटनी गेला, त्या जागी अटॅकमध्ये आला कोण, शून्य. आता कुठे त्याला पहिलं प्रीसीझन मिळालं, कुन्या, एमबुमो, सेस्को मिळाले, आणि दोन लीग मॅच होत नाहीत तोवर तुम्ही दांडे घेऊन उभे. आर्सेनलविरुद्ध बघितलीस ना मॅच? हरलो, पण खेळ कुणाचा चांगला होता? तो गोल पण कॉर्नरवर, आपल्या कीपरच्या कृपेने.

गनर_रावपुरा

कॉर्नरचा गोल गोलच असतो हो. बाकी चालू द्या, मी प्रसादाचे मोदक घेऊन बसलोय.

मकरपुरा_मिडफिल्डर

तू जानेवारी विसरलास वाटतं. तुमचं आर्सेनलचं घर, एफ ए कप, आमचे दहाच जण ग्राउंडवर, तरी पेनल्टीवर कोण बाहेर गेलं? हाच अमोरिम होता.

गनर_रावपुरा

आणि त्या कपमध्ये पुढे काय दिवे लावले ते पण सांग ना. घरच्या ग्राउंडवर फुलहॅमने काढलं, ते पण पेनल्टीवर. तुम्हाला पेनल्टी आवडतात असं दिसतंय.

डांडियाबाजार_डेव्हिल

पेनल्टीचाच विषय काढलात तर मला एकाने सांगा, सेस्कोला दहाव्या नंबरला का पाठवलं? नंतर द्यायचे ॲड-ऑन धरले तर सत्तर मिलियन पाउंडच्या वर किंमत, स्ट्रायकर, आणि बाकी सगळे मारून झाल्यावर हा येतो. त्याने मारली आतच, पण मग आधी का नाही? यादी कोण बनवतं? मॅनेजरच ना? आणि कुन्याची गेली ती गेली, कुणाचीही जाते, पण मॅच तिथपर्यंत गेलीच कशी यावर बोल. तू उत्तर पेनल्टीपासून सुरू करतोस कारण त्याआधीच्या नव्वद मिनिटांवर बोलायला तुझ्याकडे काही नाही.

वाडीची_विंगबॅक

सगळे भांडतायत पण मुद्द्यावर कुणीच येत नाहीये. मी कॉलेजच्या टीममध्ये विंगबॅक, म्हणजे कडेने मागेपुढे पळणारी, म्हणून खेळलेय म्हणून थोडं जास्त लिहिते, सहन करा.

तीन मागे ठेवणं ही काही चूक नाही. क्रिस्टल पॅलेस ग्लासनरच्या हाताखाली तसंच खेळतं आणि मे महिन्यात त्यांनी मँचेस्टर सिटीला १-० हरवून एफ ए कप नेला, त्यांच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी. टुखेलची चेल्सी २०२१ मध्ये याच मांडणीत चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याआधी कॉन्तेने २०१६-१७ ला सीझन चालू असताना, आर्सेनलकडून ३-० हरल्यावर, तीन मागे आणले आणि लागोपाठ १३ लीग मॅच जिंकून टायटल उचललं. म्हणजे इंग्लंडमध्ये हे चालत नाही वगैरे म्हणणाऱ्यांनी जरा दम खावा.

पण या सगळ्यांच्या मधले दोन कोण होते ते बघा. कॉन्तेकडे कान्ते आणि मॅटिच. टुखेलकडे कान्ते आणि जोर्जिन्हो. आपल्याकडे कासेमिरो, वय ३३, आणि ब्रुनो. ब्रुनो माझा आवडता आहे, तो नसता तर पंधरावे सोडा, अठरावे आलो असतो, पण तो दहा नंबर आहे, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळणारा, त्याला बॉल मिळाला की पहिला विचार लांब पास टाकायचा. समोरची टीम मध्ये तीन लावते, आपले दोन, एक माणूस कायम मोकळा. त्याला धरायला सेंटरबॅक बाहेर येतो, मागे भगदाड. मग विंगबॅक आत येतो, बाजू मोकळी. तुम्ही ज्याला डिफेन्सची चूक म्हणता ती नव्वद टक्के वेळा मधून सुरू झालेली असते.

आणि उन्हाळ्यात घेतलं काय? दोनशे मिलियन पाउंडच्या आसपास खर्च, तीनही पुढचे. मिडफिल्डर एक नाही, ब्रायटनच्या बलेबाच्या नुसत्या बातम्या आल्या. घरात कॉबी मायनू आहे, विशीत आहे, २०२४ च्या युरो फायनलला इंग्लंडकडून सुरुवातीपासून खेळलेला पोरगा, त्याला लीगच्या पहिल्या दोन मॅचमध्ये एक मिनिट नाही. का, तर तो आणि ब्रुनो एकाच जागेसाठी भांडतात असं मॅनेजरला वाटतं. भांडतात कारण मध्ये जागाच दोन आहेत!

म्हणून माझं म्हणणं, मॅनेजर काढू नका, पण त्याला मध्ये तिसरा माणूस घ्यायला लावा. ३-५-२ कर म्हणावं. तीन मागे पण राहतील, इज्जत पण राहील.

डांडियाबाजार_डेव्हिल

ताई सगळं पटलं, शेवटचं वाक्य सोडून. "घ्यायला लावा" म्हणजे कोण लावणार? दहा महिने झाले, सगळ्या जगाला दिसतंय मध्ये दोन कमी पडतात, एकट्या त्यालाच दिसत नाही असं तर नसेल. त्याला दिसतंय आणि तरी तो बदलत नाही. कॉन्तेचंच उदाहरण तू दिलंस, कॉन्ते बदलला म्हणून जिंकला. तो चेल्सीत आला तेव्हा मागे चार लावत होता, मार खाल्ल्यावर तीन केले.

वाडीची_विंगबॅक

ते बरोबर आहे. पण कॉन्ते आधी युव्हेंटसला आणि इटलीच्या टीमसोबत तीनच खेळवायचा, म्हणजे तो ओळखीच्या घरात परत गेला. अमोरिमला तू अनोळखी घरात जा म्हणतोयस.

खंडेराव_मार्केट_एक्स्प्रेस

आरतीला माणसं मिळत नाहीत आणि मंडपात रात्री तीन वाजेपर्यंत चार जण एका मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले. काय तर ग्रिम्सबी. अरे हार्दिक-कृणालच्या गावची माणसं तुम्ही, जरा तरी लाज.

मकरपुरा_मिडफिल्डर

गणपतीत जागरण करायचंच असतं दादा, पत्ते खेळण्यापेक्षा बरं. आणि मॅच सुरूच साडेबाराला झाली त्याला आम्ही काय करणार.

नाना_कारेलीबाग

मुलांनो, मी हे सगळं वाचलं. माझा भाचा मला हे वाचून दाखवत होता, मग म्हटलं आपणच लिहू.

१९८९ च्या सप्टेंबरात सिटीने फर्ग्युसनला ५-१ मारलं होतं. त्या डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर बॅनर लागला, तीन वर्षं नुसत्या सबबी असं लिहिलेला. तो सीझन लीगमध्ये तेरावा नंबर. जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एफ ए कपची मॅच होती, सगळे म्हणत होते ही हरला की गेला. मार्क रॉबिन्सने गोल केला. त्याच वर्षी मे महिन्यात तो कप आला. आणि लीग कधी आली? १९९३ ला. सव्वीस वर्षांनी. तोपर्यंत लोक थांबले.

हे आम्हाला तेव्हा टीव्हीवर दिसत नव्हतं, पेपरात दोन ओळी यायच्या, त्याही स्कोअरच्या. केबल आली तेव्हा पाहायला मिळालं. १९९९ ची बायर्नविरुद्धची फायनल मी रात्री घरातल्यांना न उठवता आवाज बंद करून पाहिली आणि शेरिंगहॅमच्या गोलला सगळी आळी उठवली. सोल्शायरच्या गोलला उठवायला कुणी उरलंच नव्हतं.

तुम्हा लोकांना थांबणं माहीत नाही. २०१३ ला फर्ग्युसन गेले. त्यानंतर मोयेस, वॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, मध्ये रांगनिक, मग टेन हाग, आता हा. दर दोन वर्षांनी घरात नवी सून आणायची, तिने येऊन सगळे डबे बदलायचे, आणि जुन्या सुनेची भांडी तशीच माळ्यावर. घर कसं लागणार?

वाडीची_विंगबॅक

नाना, डबे बदलणाऱ्या सुनेलाच सगळे बोलतात, पैसे कुठे आणि किती घालायचे हे ठरवणाऱ्या सासूला कोण बोलणार? २००५ पासून ग्लेझर मालक म्हणून बसलेत. क्लब विकत घ्यायला काढलेलं कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. आता २०२४ पासून रॅटक्लिफ आले, पाव हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हातात घेतला. त्यांनी केलं काय? जुलै २०२४ ला टेन हागचा करार वाढवला, ऑक्टोबरात त्याला काढला, त्यालाच दहा मिलियन पाउंडच्या वर गेले. स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन ॲशवर्थला वाट बघून बघून, दुसऱ्या क्लबशी भांडून आणला, पाच महिन्यांत निरोप. आणि दुसरीकडे पैसे नाहीत म्हणून शेकडो लोकांच्या नोकऱ्या घालवल्या, स्टाफचं फुकटचं जेवण बंद केलं. म्हणजे कँटीनमधल्या बाईंनी काटकसर करायची आणि वरच्यांनी करार वाढवून तीन महिन्यांत फाडायचे.

नाना_कारेलीबाग

हे तू बरोबर बोललीस. सासूचं नाव मी घेतलं नव्हतं.

डांडियाबाजार_डेव्हिल

नाना तुमचा मान ठेवून बोलतो, पण फर्ग्युसनचा दाखला दर वेळेला नका देऊ हो. मोयेसच्या वेळी हाच दाखला, सोल्शायरच्या वेळी हाच. फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात आले तेव्हा टीम खालून दुसरी होती, सीझन संपला तेव्हा अकरावी. पुढच्याच सीझनला दुसरी! हे कुणी सांगत नाही. नंतर घसरली, मान्य, पण त्या माणसाने येऊन दीड वर्षात दाखवलं होतं की मी वर नेऊ शकतो. आणि यायच्या आधी ॲबरडीनसारख्या टीमला घेऊन स्कॉटलंडमध्ये सेल्टिक-रेंजर्सची मक्तेदारी मोडली, १९८३ ला रेआल माद्रिदला हरवून युरोपचा कप विनर्स कप जिंकला. अमोरिम पण नोव्हेंबरातच आला, बरोबर? हा वर नेत नाहीये, खाली घेऊन आलाय.

मकरपुरा_मिडफिल्डर

अमोरिमने पण स्पोर्टिंगला १९ वर्षांनी लीग जिंकून दिली होती २०२१ ला, मग २०२४ ला परत. आणि यायच्या आठवड्यात सिटीला ४-१. रिकाम्या हाताने आलेला माणूस नाही तो.

आणि आर्टेटा विसरलात का सगळे, ए रावपुरा तूच सांग, पहिली दोन सीझन तुम्ही आठवे होतात की नाही? काढला होता का?

गनर_रावपुरा

आठवे होतो, खरंय. पण पहिल्याच सीझनला एफ ए कप घरी आला होता. आणि आर्टेटा सुरुवातीला तीन मागे लावायचा, मग चार केले, मग फुलबॅकला मध्ये आणलं, माणूस दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन करायचा. तुमचा देवाला वाहिल्यासारखा एकच फॉर्मेशन धरून बसलाय. मला काय, बसू दे.

मकरपुरा_मिडफिल्डर

एफ ए कपचं म्हणशील तर आम्ही पण युरोपा लीगच्या फायनलला गेलोच होतो.

डांडियाबाजार_डेव्हिल

नको. बिल्बाओच्या त्या फायनलचं नाव नको काढूस. टॉटनमसारखी टीम, लीगमध्ये सतरावी, मॅडिसन नाही, कुलुसेव्हस्की नाही, सॉन बेंचवर. आणि आपण अख्खी मॅच क्रॉस मारत बसलो. जॉन्सनच्या पायाला लागला की शॉच्या हाताला लागला ते अजून कळलं नाही असला गोल, १-० ने फायनल गेली. त्या एका सीझनला टॉटनमशी चार मॅच खेळलो, चारही हरलो. पहिली टेन हागची होती, बाकी तीन याच्या. चार वेळा एकच माणूस तुम्हाला एकाच गल्लीत लुटतो तर पाचव्यांदा निदान रस्ता बदलावा!

आणि त्या हरण्याची किंमत बघा, या वर्षी युरोपातली स्पर्धाच नाही. आता लीग कप पण नाही. ऑगस्ट संपायच्या आत सीझनमध्ये फक्त लीग आणि एफ ए कप उरलेत.

मकरपुरा_मिडफिल्डर

पण त्या फायनलपर्यंत युरोपमध्ये एक पण मॅच हरलो नव्हतो ते पण बोल ने. बिल्बाओमध्येच सेमीफायनलला ॲथलेटिकला ३-० मारलं, दोन मॅच मिळून ७-१. आणि लिऑनविरुद्धची मॅच! ११३ मिनिटं झाली तेव्हा २-४ ने मागे, आणि संपली ५-४. ब्रुनो, मायनू, मग्वायर. त्या रात्री तूच मला फोनवर ओरडत होतास की याला पाच वर्षं द्या. हाच मॅनेजर होता, हीच मांडणी होती. मग आज एकदम मांडणी नापास कशी?

आणि युरोप नाही ते एका अर्थी बरंच आहे. आठवड्याला एकच मॅच, मंगळवार-बुधवार-गुरुवार ट्रेनिंग. ज्या माणसाची सगळी तक्रार हीच होती की शिकवायला वेळ मिळत नाही त्याला आता वेळच वेळ आहे. म्हणून तर म्हणतो डिसेंबरपर्यंत थांबा.

डांडियाबाजार_डेव्हिल

ओरडलो होतो. रात्री तीन वाजता माणूस काहीही बोलतो. पण हे बघ, लिऑनकडे पहिल्या मॅचला २-२ का झालं होतं? ओनानाच्या दोन चुका. मॅचच्या आधी त्यांच्याकडून खेळणाऱ्या मॅटिचने, आपल्याच जुन्या मॅटिचने, जाहीर सांगितलं होतं की हा क्लबच्या इतिहासातल्या सगळ्यात खराब कीपरांपैकी एक आहे. एप्रिलची गोष्ट. आता ऑगस्ट संपला, काल ग्रिम्सबीचा दुसरा गोल बघ, क्रॉस आला, ओनाना बाहेर आला, बॉल हाताला लागला नाही, आणि त्यांच्या माणसाने मोकळ्या गोलमध्ये ढकलला. चार महिन्यांत नवीन कीपर नाही. लीगमध्ये बायिंदर, कपमध्ये ओनाना, दोघांपैकी भरवसा एकाचा नाही. मॅनेजर म्हणून तू टेबलावर हात आपटून कीपर मागितला नाहीस? की मागितला आणि दिला नाही? दोन्हीपैकी काहीही असलं तरी चित्र खराबच आहे.

वाडीची_विंगबॅक

ओनानाने कालच एक पेनल्टी अडवली आणि स्वतःची मारली पण. त्या शूटआउटमध्ये तोच सगळ्यात शांत दिसत होता, हे पण लिहून ठेवा. बाकी क्रॉसचं खरंय, तिथे बचाव नाही.

मला त्या "बॉम्ब स्क्वॉड"वर बोलायचंय. रॅशफोर्ड, गार्नाचो, सँचो, अँटनी, मलासिया, पाच जणांना टूरवर नेलं नाही, वेगळं ट्रेनिंग. मॅनेजर म्हणतो कल्चर बदलायचंय, ठीक आहे, पण बाजारात सगळ्यांना कळलं की हे विकायचेच आहेत, मग चांगला भाव कोण देणार? रॅशफोर्ड बार्सिलोनाला लोनवर गेला, विकला पण नाही गेला. आणि मॅकटॉमिने! तो अमोरिमच्या आधी गेला, मान्य, पंचवीस मिलियन पाउंडच्या आसपास, आणि नापोलीत जाऊन लीग जिंकून सीझनचा बेस्ट प्लेअर झाला. आपल्याकडे त्याला कुठे खेळवावं हेच कुणाला ठरवता येत नव्हतं.

मकरपुरा_मिडफिल्डर

गार्नाचोचं नको सांगू. फायनल हरल्यावर सगळे रडतायत आणि हा बाहेर येऊन मला वीसच मिनिटं दिली म्हणतो. त्याचा भाऊ इन्स्टाग्रामवर सुरू. मी मॅनेजर असतो तर त्याच रात्री बॅग भरायला लावली असती. कुणीतरी एकदा हे करायलाच हवं होतं, मोरिन्योने पोग्बाबरोबर प्रयत्न केला तर क्लबने मोरिन्योला काढलं, टेन हागने सँचोबरोबर केला तर सँचो लोन संपवून परत आला आणि माफी वगैरे काय झालं देव जाणे. दर वेळेला प्लेअर जिंकतो आणि मॅनेजर जातो. आता परत मॅनेजर काढला तर ड्रेसिंग रूमला काय समजणार, की खराब खेळा, आम्ही माणूस बदलून देतो. काल मॅचनंतर अमोरिम तेच म्हणाला ना, प्लेअरांनी आज मोठ्याने सांगितलं त्यांना काय हवंय ते.

डांडियाबाजार_डेव्हिल

हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. हरल्यावर प्लेअरांकडे बोट. जानेवारीत ब्रायटनकडून हरल्यावर म्हणाला ही कदाचित क्लबच्या इतिहासातली सगळ्यात खराब टीम असेल. तेव्हा लोक म्हणाले वा, काय प्रामाणिक माणूस. मेमध्ये म्हणाला नको असेन तर नुकसानभरपाई न घेता जातो. परत वा. पण प्रामाणिकपणाचे पॉइंट मिळत नाहीत टेबलमध्ये. आणि काल जे खेळले त्यात उन्हाळ्यात त्याने स्वतः मागून घेतलेले पण होते, ते पण मोठ्याने सांगत होते का?

नाना_कारेलीबाग

हे मात्र खरं. फर्ग्युसन ड्रेसिंग रूमच्या आत काय बोलत ते भिंतींना माहीत. बाहेर सहसा प्लेअरला उघडं पाडलं नाही.

गनर_रावपुरा

नाना, आत बूट पण मारायचे ना? बेकहॅमच्या भुवईला टाके पडले होते.

नाना_कारेलीबाग

पडले. आत.

खंडेराव_मार्केट_एक्स्प्रेस

बरं मला अडाण्याला एक सांगा, ग्रिम्सबी आहे तरी काय?

वाडीची_विंगबॅक

मासेमारीचं जुनं बंदर. मजा म्हणजे त्यांचं ग्राउंड ग्रिम्सबीत नाहीच, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. त्यांचे फॅन प्लॅस्टिकचा फुगवायचा मासा घेऊन मॅचला येतात. २०२३ ला साउदम्प्टनला हरवून एफ ए कपच्या क्वार्टरफायनलपर्यंत गेले होते, म्हणजे मोठ्यांना काटा टोचवायची सवय आहे त्यांना. काल पण नशिबाने नाही जिंकले, पहिला अर्धा तास बघा, सुटलेल्या बॉलवर प्रत्येक वेळी ते आधी. त्यांच्या प्लेअरांचा वर्षाचा पगार आपल्या एखाद्याचा आठवड्याचा असेल, तरी पळत ते होते.

डांडियाबाजार_डेव्हिल

घ्या. पळण्याला पण ३-४-३ लागतं का आता?

मकरपुरा_मिडफिल्डर

पळण्याला प्लेअर लागतात, तेच तर सांगतोय कधीचा!

बरं चल, तू म्हणतोस तसं काढला. मग पुढे? नाव सांग एक. कोण येणार आहे ऑगस्ट एंडला, ट्रान्सफर विंडो बंद व्हायला चार दिवस असताना? जो येईल तो चार मागे लावणार, त्याला विंगर लागणार, विंगर आपण सगळे विकायला काढलेत. डोर्गू विंगबॅक म्हणून आणला, त्याला कुठे ठेवणार? कुन्या आणि एमबुमो आत खेळणारे, त्यांना बाजूला फेकणार? म्हणजे परत दोनशे मिलियन, परत दोन वर्षं, आणि २०२७ ला तू परत हाच धागा काढणार, फक्त नाव बदलून.

डांडियाबाजार_डेव्हिल

नाव मी का सांगू, मला थोडीच पगार मिळतो. ग्लासनर आहे, तीन मागेच खेळवतो, कप जिंकलाय, तुझे कुन्या-एमबुमो-डोर्गू सगळे त्याच जागांवर बसतील. हे घे, नाव पण दिलं.

मकरपुरा_मिडफिल्डर

पॅलेस सोडतंय त्याला आत्ता? त्यांना युरोप खेळायचंय या वर्षी, आपल्याला नाही.

वाडीची_विंगबॅक

हे दुखलं.

गनर_रावपुरा

मला नाही दुखलं.

नाना_कारेलीबाग

शनिवारी बर्नली आहे ना? किती वाजता?

वाडीची_विंगबॅक

साडेसात संध्याकाळी, ओल्ड ट्रॅफर्डवर. बर्नली नुकतेच वर आलेत, खाली बसून खेळतील. माझी टीम सांगते, मध्ये कासेमिरो आणि मायनू, ब्रुनो पुढे एमबुमोच्या जोडीला, कुन्या बेंचवर. अमोरिम हे करणार नाही, तरी सांगते.

नाना_कारेलीबाग

साडेसातला आमची आरती. भाच्याला सांगतो आठला सुरू करा, हाफटाइमच्या आत उरकू. सुखकर्ता, घालीन लोटांगण, बस.

मकरपुरा_मिडफिल्डर

शनिवारी आपण जिंकतोय, लिहून घ्या. मग मी बघतो हा डेव्हिल काय बोलतो.

डांडियाबाजार_डेव्हिल

जिंकलो तर आनंदच आहे, मी काय बर्नलीचा आहे का. पण मी लागोपाठ दोन म्हटलंय, एक नाही. बर्नलीनंतर सिटी आहे, त्यांच्या घरी.